उत्तरकथेचा आनंद : किपलिंगच्या दुसऱ्या ‘पक’-ग्रंथाच्या निमित्ताने

१

एखादी कथा लोकप्रिय झाली आणि तिचा उत्तरभाग निघाला, म्हणजे समीक्षक नाक मुरडतो आणि वाचक हात पुढे करतो. समीक्षकाचा संशय अगदीच निराधार असतो असे नाही. पहिल्या ग्रंथात जे स्फुरलेले असते ते दुसऱ्यात पुष्कळदा केवळ पुरविलेले असते. पात्रांची नावे तीच राहतात, पण त्यांच्यातला जीव उणावतो. त्यातही तो ग्रंथ कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेला असला आणि त्यात इतिहास व अद्भुत यांची सरमिसळ असली, तर त्याचा गंभीरपणे विचार करण्याचे कारणच उरले नाही, असे मानण्याकडे आपला कल असतो. इतिहासकाराला त्यात इतिहास अपुरा वाटतो, रसिकाला त्यातील अद्भुत बालिश वाटते आणि दोघेही तो ग्रंथ मुलांच्या हाती देऊन मोकळे होतात.

वस्तुतः उत्तरभागाकडे इतक्या तुच्छतेने पाहण्याचा अधिकार मराठी समीक्षेला तरी फारसा पोहोचत नाही. ज्या वाङ्मयप्रकाराला आपण ‘कादंबरी’ म्हणतो त्याचे नावच मुळी बाणभट्टाच्या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथावरून आले आहे, आणि त्या ग्रंथाचा उत्तरभाग बाणाच्या पश्चात त्याच्या पुत्राने रचला आहे. एका जन्मी विसरलेले दुसऱ्या जन्मी आठवावे, हाच त्या कथेचा गाभा आहे. भवभूतीचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. ‘महावीरचरिता’नंतर त्याने ‘उत्तररामचरित’ रचले, आणि या दोहोंत श्रेष्ठ कोणते याविषयी रसिकांत कधी दुमत झाले नाही. त्या नाटकाच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतचरित्राची चित्रे पाहत आहेत. ती चित्रे पाहूनच सीतेला पुन्हा अरण्य पाहण्याचे डोहाळे लागतात, आणि पुढे तेच तिच्या त्यागाला निमित्त होतात. पूर्वकथेचे स्मरण ही येथे केवळ सोय नाही. उत्तरकथेतील दुःखाचे बीजच त्या स्मरणात आहे. चांगल्या उत्तरभागाची कसोटी कोणती, या प्रश्नाचे उत्तर भवभूतीने असे आधीच देऊन ठेवले आहे. पूर्वकथेत भर घालणारा भाग सामान्य होय. पूर्वकथेचा अर्थ बदलून टाकणारा भाग हाच खरा उत्तरभाग.

या कसोटीवर एक इंग्रजी ग्रंथ घासून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो ग्रंथ म्हणजे रडयार्ड किपलिंगचे ‘रिवॉर्ड्‌स अँड फेअरीज’. ‘पक ऑफ पूक्स हिल’ हा पहिला ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा हा उत्तरभाग १९१० साली आला. दोन्ही कुमारांसाठी आहेत, दोन्हींत इतिहास आणि अद्भुत यांचा संयोग आहे, आणि दुसऱ्याचा आनंद पहिल्याच्या आनंदाहून जातीनेच निराळा आहे.

२

किपलिंगचे नाव आपल्याकडे निर्विकार मनाने उच्चारले जात नाही, आणि ते स्वाभाविक आहे. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत त्याचा जन्म झाला; त्याचे वडील लॉकवुड किपलिंग तेथील जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक होते. हिंदुस्थानाने त्याला कीर्ती दिली आणि त्याने त्याची परतफेड साम्राज्याचा भाट होऊन केली, असा आपला सर्वसाधारण ग्रह आहे. परंतु ज्या दोन ग्रंथांविषयी येथे लिहावयाचे आहे ते साम्राज्याच्या सीमांवरचे नाहीत. ते घरी परतलेल्या माणसाचे ग्रंथ आहेत. मुंबई, लाहोर, अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशी भ्रमंती करून किपलिंगने १९०२ साली ससेक्स परगण्यातील बरवॉश या गावाजवळ ‘बेटमन्स’ नावाचे सतराव्या शतकातील एक दगडी घर विकत घेतले. त्याआधी तीनच वर्षे, १८९९ साली, त्याची थोरली मुलगी जोसेफीन न्यूयॉर्क येथे निवर्तली होती. उरलेली दोन मुले, एल्सी आणि जॉन, त्या नव्या घराभोवतालच्या ओढ्याकाठी आणि कुरणांत वाढू लागली. ग्रंथातील ऊना आणि डॅन ही भावंडे म्हणजे याच दोन मुलांची प्रतिबिंबे होत.

कल्पना तशी साधी आहे. उत्तरायणान्ताच्या सुमारास, उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या आदल्या सायंकाळी, ही दोन मुले घरामागच्या कुरणात शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्‌स ड्रीम’मधील प्रवेश करून पाहतात. तो खेळ एकदा नव्हे, तीनदा होतो. आणि त्यांना कल्पना नसते की ती जागा नेमकी पकच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. इंग्लंडातील सारे यक्षगण देश सोडून गेले. मागे उरला एकटा पक. तो प्रकट होतो, आणि मग त्याच भूमीवर पूर्वी वावरलेली माणसे एकेक करून मुलांपुढे आणतो. रोमन शताधिपती पार्नेसियस, नॉर्मन सरदार सर रिचर्ड, पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावरील चित्रकार व शिल्पी हॅल, असे ते लोक येतात आणि आपली हकीकत सांगून जातात. मुले भूतकाळात जात नाहीत. भूतकाळच त्यांच्या कुरणात येऊन बसतो. हा भेद लहान नाही. काल्पनिक यंत्रात बसून शतके ओलांडण्याची कल्पना वेल्सने १८९५ साली रूढ केली होती. किपलिंगने यंत्र टाकून दिले आणि भूमी हीच काळाची वाहक मानली. तेच शेत, तोच ओढा, तीच गिरणी. माणसे मात्र दोन सहस्र वर्षांतील.

पहिल्या ग्रंथाला एक निश्चित आकृती आहे. लोहारदेव वीलँडने घडविलेल्या खड्गापासून कथांची सुरुवात होते. त्या खड्गामुळे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सोने मिळते, आणि शेवटच्या कथेत कॅडमिएल नावाचा ज्यू वैद्य त्या सोन्याची विल्हेवाट अशी लावतो की राजा जॉनला १२१५ सालच्या सनदेवर सही करणे भाग पडावे. खड्ग, धन आणि कायदा अशी ही साखळी आहे. इतिहास कोठेतरी पोहोचतो, विखुरलेल्या माणसांच्या विखुरलेल्या कृतींतून अखेरीस एक राष्ट्र आणि एक न्यायव्यवस्था उभी राहते, असा आश्वासक सूर त्या ग्रंथातून निघतो. त्यामुळे तो वाचून मिटताना बाल-वाचकाला वारसा मिळाल्याचे समाधान लाभते.

३

अशा रीतीने पूर्ण झालेल्या आकृतीला उत्तरभाग जोडण्याचे धाडस लेखकाने का केले असावे? केवळ मागणी होती म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही; कारण मागणीपोटी लिहिलेला ग्रंथ पहिल्याच्या सुरातच गातो. ‘रिवॉर्ड्‌स अँड फेअरीज’चा सूर पहिल्याच पानापासून बदललेला आहे. त्याचे शीर्षक सतराव्या शतकातील रिचर्ड कॉर्बेट या धर्मगुरू-कवीच्या कवितेवरून घेतले आहे, आणि ती कविता परींचा निरोप घेणारी आहे. म्हणजे ग्रंथाच्या नावातच निरोप आहे.

प्रास्ताविकात लेखक सांगतो की मुले आता वर्षभराने मोठी झाली आहेत, अधिक शहाणी झाली आहेत आणि अनवाणी न हिंडता नियमाने बूट घालू लागली आहेत. हा तपशील वाचताना गंमतीचा वाटतो. परंतु लगेच पहिली कथा येते ती ‘कोल्ड आयर्न’, म्हणजे थंड लोखंड. लोकसमजुतीप्रमाणे यक्षगणांना लोखंडाचा स्पर्श चालत नाही, आणि मुलांच्या बुटांच्या तळाशी लोखंडी खिळे आहेत! कथा आहे ती यक्षांनी वाढविलेल्या एका मानवी मुलाची. त्याला लोखंडापासून दूर ठेवण्यासाठी सारे झटतात. पण जे लोखंड त्याच्या हाती प्रथम पडेल ते त्याचे भाग्य ठरविणार, असा नियम आहे. त्याच्या हाती तलवार पडत नाही, राजदंडही पडत नाही. गुलामाच्या गळ्यातले कडे पडते, आणि तो ते स्वतःच्या हाताने आपल्या गळ्यात अडकवून घेतो. अद्भुत जगातून मनुष्यांच्या जगात येण्याची किंमत ही अशी असते. बूट घालण्याचा तो क्षुल्लक तपशील आणि गळ्यातले ते कडे यांतला संबंध लहान वाचकाच्या ध्यानात येणार नाही. थोड्या मोठ्याच्या मनात मात्र तो सलत राहील.

अकरा कथांच्या या संग्रहात आपल्या हातून दुसरे काय होणे शक्य होते, अशा अर्थाचा उद्गार निरनिराळ्या पात्रांच्या तोंडून पुनःपुन्हा येतो. पहिल्या ग्रंथातील माणसे काही तरी मिळवीत होती. येथील माणसे काही तरी देऊन टाकतात. ‘द नाइफ अँड द नेकेड चॉक’ या कथेतील गारगोटीच्या युगातला पुरुष आपल्या लोकांना लांडग्यांपासून वाचविण्यासाठी लोखंडी सुरे मिळवितो, त्यांच्या बदल्यात आपला एक डोळा देतो. आणि परत येतो तेव्हा लोक त्याला देव मानू लागलेले असतात. देवाला घर नसते, देवाशी कोणी विवाह करीत नाही. ज्यांच्यासाठी त्याने डोळा दिला त्यांनीच त्याला भक्तिभावाने एकटे पाडलेले असते. ‘ग्लोरियाना’मध्ये राणी एलिझाबेथ स्पेनच्या आरमाराविरुद्ध दोन तरुणांना मृत्यूच्या वाटेवर धाडल्याची हकीकत सांगते, आणि आपले चुकले काय, हे प्रत्यक्ष त्या दोन मुलांनाच विचारते. ‘द ट्री ऑफ जस्टिस’मध्ये हेस्टिंग्जच्या रणात मेला असे मानलेला राजा हॅरल्ड एक भ्रमिष्ट म्हातारा म्हणून भटकताना सापडतो. त्याला ना राज्य मिळते, ना सूड. शेवटच्या घटकेला केवळ ओळख मिळते. सर रिचर्ड आणि ह्यू हे पहिल्या ग्रंथातले आपले परिचित येथे वृद्ध झालेले आहेत. पूर्वी ज्या नॉर्मन विजयाचा परिणाम समेटात झालेला आपण पाहिला होता, त्या विजयाखाली काय चिरडले गेले होते ते या म्हाताऱ्याच्या रूपाने आता दिसते. भवभूतीच्या कसोटीला हा ग्रंथ उतरतो तो येथे.

‘ब्रदर स्क्वेअर-टोज’ या कथेतील प्रसंग १७९३ सालचा आहे. फ्रान्सच्या बाजूने युद्धात उतरावे असा लोकांचा गलबला चालू असता वॉशिंग्टन शांतपणे नकार देतो. या कथेशी जी कविता जोडलेली आहे ती म्हणजे ‘इफ’. आपल्याकडील कित्येक शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर टांगली गेलेली ही कविता मूळची मुलांच्या एका उत्तरग्रंथातली आहे, याची जाणीव ती पाठ म्हणणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल. भिंतीवर ती यशाचा मंत्र वाटते. ग्रंथात ती लोकप्रियता गमावण्याची तयारी ठेवणाऱ्या माणसाशेजारी उभी आहे. या कवितेमागे दक्षिण आफ्रिकेतील फसलेल्या स्वारीचा नायक जेमसन होता, असे किपलिंगनेच पुढे आत्मचरित्रात सांगितले. एकाच कवितेत वॉशिंग्टनचा संयम आणि जेमसनचे साहस यांना त्याने एकत्र बसविले, यातच त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही दिसून येतात.

४

संग्रहातील सर्वांत हृद्य कथा ‘मार्कलेक विचेस’ ही होय. ऊना एकटी असताना तिला फिलाडेल्फिया नावाची एक किशोरी भेटते. ती काळाने नेपोलियनच्या युद्धांतली आहे. ती सतत बोलते, हसते, आपल्या खोकल्याची थट्टा करते. फ्रेंच युद्धकैदी असलेला एक वैद्य लाकडी नळी लोकांच्या छातीला लावून ऐकतो, म्हणून गावकरी त्याला चेटक्या समजतात, हे ती गंमत म्हणून सांगते. एका मेजवानीत तिने गाणे म्हटले आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते का, हे तिला कळलेच नाही. वाचकाला कळते. तिला क्षय झाला आहे, तिच्याभोवतालच्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, आणि ती नळी म्हणजे पुढे जगाला परिचित झालेला स्टेथोस्कोप आहे.

इतिहासाच्या दृष्टीने येथे लेखकाने मोकळीक घेतली आहे. रने लायनेक याने छाती तपासण्याच्या नळीचा शोध लावला तो १८१६ साली, पॅरिसमध्ये; इंग्लंडात तो कधी कैदी नव्हता. परंतु कथेच्या पाठीमागे एक न सांगितलेले सत्य उभे आहे : १८२६ साली लायनेक स्वतः क्षयानेच वारला. ज्याला हे ठाऊक आहे त्याला त्या नळीच्या दोन्ही टोकांना मृत्यू दिसतो. कथेत हे सांगितलेले नाही आणि सांगण्याची आवश्यकताही नाही. आपल्या या कथा मुलांनी आधी वाचावयाच्या होत्या आणि त्या प्रौढांसाठी आहेत हे मागाहून कळावयाचे होते. म्हणून आपण रंगाच्या तीन-चार थरांत काम केले, अशा अर्थाचे विधान किपलिंगने आत्मचरित्रात केले आहे. हे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ साली प्रसिद्ध झाले. ‘मार्कलेक विचेस’ हे त्या विधानाचे उत्तम प्रमाण होय. दहाव्या वर्षी ही चेटकाची कथा असते, सोळाव्या वर्षी ती मरणाची होते, आणि त्यानंतर केव्हातरी ती भोवतालच्या लोकांच्या मौनाची कथा होते.

मराठी वाचकासाठी मात्र या कथेत आणखी एक थर आहे, आणि तो लेखकाने मुद्दाम घातलेला नाही. फिलाडेल्फियाचे गाणे ऐकून हेलावलेल्या पाहुण्यांत एक सेनापती आहे. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. हा पुढे वेलिंग्टन म्हणून प्रख्यात झाला. हिंदुस्थानातून परतल्यावर १८०६ साली तो खरोखरच हेस्टिंग्ज येथे एका ब्रिगेडचा प्रमुख होता. इंग्रज मुलाला हा भावी वॉटर्लूचा विजेता दिसतो. आपल्याला तो आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणातून आलेला दिसतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी त्याने तेथे जी लढाई दिली, तीत कंपनीच्या बाजूचेच दीड हजारांहून अधिक लोक मृत वा जखमी झाले. आणि मराठी सत्तेच्या अखेरीची ती सुरुवात ठरली. अशा माणसाने एका मरणोन्मुख मुलीचे गाणे ऐकून विद्ध व्हावे, हे वाचताना आपल्या मनात दोन भावना एकाच वेळी उभ्या राहतात. त्याचा हळवेपणा खोटा नाही. असईच्या काठावरचे रक्तही खोटे नाही. किपलिंगच्या पकला ससेक्सची सगळी भुते बोलावता येतात. परंतु त्या सेनापतीच्या पाठीमागे उभी असलेली असईची भुते त्याच्या हाकेला येणार नाहीत. ती आपणच बोलाविली पाहिजेत.

आणि हाच या ग्रंथावरचा मुख्य आक्षेपही होय. भूमीत वारसा साठविलेला असतो ही कल्पना मोहक आहे. पण त्या वारशाची सीमा कोणी आखली, हा प्रश्न ती विचारीत नाही. ज्या धनावर आणि सत्तेवर विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्लंड उभे होते त्याचा मोठा भाग ससेक्सच्या बाहेरून आलेला होता. ग्रंथातील भूतकाळ मात्र दूरदूरचे लोक येऊन इंग्लंडात मिसळून जाण्याचा आहे. इंग्लंडने दूर जाऊन काय केले, याचा नाही. ग्रंथाचा रसास्वाद घेताना हा आक्षेप विसरण्याची गरज नाही आणि आक्षेप घेताना रसास्वाद सोडण्याचीही गरज नाही. १९११ साली फ्लेचर या इतिहासकाराने याच लेखकाच्या सहकार्याने शाळांसाठी इंग्लंडचा इतिहास लिहिला. ते पुस्तक उघड पक्षपाताने भरलेले आहे आणि आज केवळ त्या पक्षपाताचा नमुना म्हणून चाळले जाते. मते तीच, लेखक तोच, काळही तोच. तरीही एक पुस्तक मेले आणि दुसरे जगले. पाठ्यपुस्तकात किपलिंगला निकाल द्यावयाचा होता. कथांमध्ये त्याला प्रत्येक वेळी एका माणसाच्या तोंडून बोलावे लागले, आणि माणूस बोलू लागला की निकाल डळमळू लागतो.

५

उत्तरकथेचा आनंद एकाच प्रकारचा असतो असे मात्र नाही. त्याच सुमारास ईडिथ नेस्बिट हिने कुमारांसाठी ऐतिहासिक अद्भुतकथेची दुसरी एक जोडी लिहिली. ‘द हाउस ऑफ आर्डन’ १९०८ साली आणि तिचा उत्तरभाग ‘हार्डिंग्ज लक’ १९०९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्यात एड्रेड आणि एल्फ्रिडा ही पडक्या वाड्याचा वारसा सांगणारी भावंडे पूर्वजांच्या काळात शिरतात आणि हरवलेला खजिना शोधतात. दुसऱ्या ग्रंथाचा नायक मात्र लंडनच्या डेप्टफर्ड भागातील एक पोरका, लंगडा मुलगा डिकी हार्डिंग हा आहे. जादूने तो पहिल्या जेम्सच्या काळात जागा होतो तेव्हा तो लंगडा नसतो. त्याला घर असते, प्रेमाची माणसे असतात, हाताला लाकूड कोरण्याची विद्या मिळते. परंतु आपल्या काळात एका भटक्या सोबत्याला सन्मार्गास लावण्याचे काम अपुरे राहिले आहे, म्हणून तो ते सुख सोडून पुन्हा आपल्या कुबड्यांकडे आणि दारिद्र्याकडे परततो. अखेरीस तोच आर्डन घराण्याचा खरा वारस असल्याचे उघडकीस येते, आणि त्या भावंडांचा हक्क हिरावला जाऊ नये म्हणून तो कायमचा भूतकाळात निघून जातो.

पहिला ग्रंथ वाचताना आपण ज्यांच्या बाजूने होतो त्यांचा वाडा त्यांचा नव्हताच, हे उत्तरभागात कळते. सर्व घटना तशाच राहतात, पण पाहण्याची जागा वाड्याच्या आतून गल्लीत सरकते. नेस्बिट ही १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होती. हे ध्यानात घेतले म्हणजे या स्थलांतराचा अर्थ स्पष्ट होतो. लंगड्या, गरीब मुलाला विसाव्या शतकात जागा नाही आणि सतराव्यात आहे, हा वर्तमानावरचा तिचा अभियोग आहे. त्यात भाबडेपणा आहे, हे खरे. जेम्सच्या काळातील गरिबाचे आयुष्य त्या कथेतल्याइतके प्रसन्न नव्हते. किपलिंगच्या भूतकाळात प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. नेस्बिटच्या भूतकाळात ती वर्तमानाकडून वसूल केली जाते. इतिहासाची जाण किपलिंगची अधिक खोल आहे. न्यायाची नेस्बिटची अधिक तीव्र आहे. दोघांनाही आपले म्हणणे पूर्णपणे मांडण्यासाठी उत्तरभागच लागला, ही गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे.

६

किपलिंगच्या ग्रंथाकडे परत वळू. त्यातील एक योजना आजवर अनेकांना केवळ कथानकाची सोय वाटत आली आहे. प्रत्येक भेटीच्या शेवटी पक मुलांच्या हाती ओक, अ‍ॅश आणि काटेरी झुडूप यांची पाने देतो, आणि मुले सर्व काही विसरून घरी जातात. पकच्या सान्निध्यात तुटलेला धागा पुन्हा जुळतो. तो दूर झाला की पुन्हा सुटतो. मुलांनी घरी जाऊन आईला सांगू नये, एवढ्यासाठीच हे विस्मरण असते तर ते पहिल्या कथेपुरते पुरले असते. उत्तरभागात त्याचा अर्थ पालटतो. डॅनला पार्नेसियस आठवत नाही, ऊनाला फिलाडेल्फिया आठवणार नाही; आठवते ते फक्त वाचकाला. भवभूतीच्या नाटकात पात्रे स्मरतात आणि त्या स्मरणाने व्याकूळ होतात. येथे पात्रे निश्चिंतपणे विसरतात आणि स्मरणाचा भार वाचकावर येऊन पडतो. सर रिचर्ड दुसऱ्यांदा कुरणात येतो तेव्हा त्याला पाहून जो आनंद होतो तो ओळखीचा खराच, पण त्या ओळखीत जबाबदारीही आहे. दोन ग्रंथांमधला दुवा आपणच आहोत, आपण विसरलो तर तो कायमचा तुटेल, अशी ती जाणीव आहे. इतिहास शिकणे म्हणजे काय, हे कुमारवयीन वाचकाला यापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगता येईल असे वाटत नाही.

या जबाबदारीला पुढील घटनांनी एक भयंकर अर्थ दिला. १९१० साली बारा वर्षांच्या ज्या मुलाने हा ग्रंथ वाचला तो १९१६ साली अठरा वर्षांचा झाला. ज्याच्यावरून डॅन रेखाटला तो जॉन किपलिंग यापूर्वीच, सप्टेंबर १९१५ मध्ये, लूसच्या लढाईत पडला होता. दृष्टी अधू असल्यामुळे त्याची भरती नाकारली गेली असता बापानेच ओळखी खर्चून त्याला आयरिश गार्ड्‌समध्ये अधिकारपद मिळवून दिले होते. ‘ग्लोरियाना’मधील राणीने तरुणांना मरणाकडे धाडून मुलांना विचारलेला प्रश्न पाच वर्षांनी लेखकाच्याच दारात येऊन उभा राहिला. हे भविष्यकथन नव्हे, आणि तसे समजून ग्रंथाला गूढ वलय देणेही बरे नाही. परंतु दुसरे काय करता आले असते, या प्रश्नाचे सोपे उत्तर त्या ग्रंथात दिलेले नाही, याचे मोल त्यानंतर कितीतरी वाढले. राणी विचारते, मुले आपल्या वयाच्या समजुतीने उत्तर देतात, आणि ते उत्तर अपुरे आहे हे लेखकाने वाचकाला कळू दिले आहे. मतांनी तो युद्धाचा पुरस्कर्ता होता. त्याच्या कथेने मात्र त्या मतांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. फेरो ली या पात्राभोवतीच्या दोन कथांतील राजकारण कुमारवाचकाला झेपणारे नाही. तालेराँ आणि बोनापार्ट यांचे डावपेच उलगडताना कथेचा ओघ मंदावतो. ससेक्सच्या बोलीचा सोस कित्येक ठिकाणी अर्थाच्या आड येतो. पहिल्या ग्रंथातील रोमन भिंतीवरच्या तीन कथांना जी सलगता आहे, ती येथे कोठेच नाही. तरीसुद्धा निकोलस कल्पेपरची कथा पाहावी. प्लेगच्या गावात हा ज्योतिषी वैद्य ग्रहांच्या चुकीच्या हिशेबावरून उंदीर मारण्याच्या अचूक निष्कर्षाला पोहोचतो! भूतकाळातील अज्ञानाची टिंगल न करता, आणि त्याचे उदात्तीकरणही न करता, ते इतक्या विनोदबुद्धीने दाखविणे हे इतिहासकथेचे दुर्मिळ यश होय.

या परंपरेचे ऋण पुढच्या लेखकांनी मान्य केले आहे. ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ (१९५४) पासून ‘द लँटर्न बेअरर्स’ (१९५९) पर्यंतच्या कादंबऱ्यांत एकाच रोमन घराण्याची अंगठी पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेणाऱ्या रोझमेरी सट्‌क्लिफने १९६० साली किपलिंगवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिने जादू वगळली. पण वारसा हातोहात जातो आणि प्रत्येक हात त्याची काही किंमत देतो, ही दृष्टी तिने उचलली. तिच्या कादंबऱ्याही एकमेकींचे उत्तरभाग आहेत, हे सांगावयास नकोच.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी आहे आणि तिने कुमारवाचकांच्या अनेक पिढ्या घडविल्या आहेत. तिने आपल्याला वीर दिले, अभिमान दिला. हे थोडे नव्हे. परंतु गावाबाहेरचा वीरगळ, डोंगरातले लेणे, ढासळलेली गढी यांच्यापाशी बसून एखादा साधा माणूस आपली हकीकत सांगतो आहे, त्याने काय दिले आणि दुसरे काय करता आले असते असे विचारतो आहे, अशा कथेला आपल्या कुमारवाङ्मयात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. असईच्या रणात पडलेल्या एखाद्या गोलंदाजाला ससेक्सच्या कुरणात कोणी बोलाविणार नाही. त्याला बोलावण्याचे काम मराठी लेखकाचे आहे. आणि ते झाले म्हणजे मेजवानीतल्या त्या सेनापतीचा प्रसंगही आपल्याला नव्याने वाचावा लागेल.